लस टोचल्यावरच्या रात्रीची तयारी आधी करा

जालना जिल्ह्यातल्या आईबापांनो, आजी-आजोबांनो, हे तुमच्यासाठी आहे. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींसाठीही आहे.

लस द्यायचीच नाही असं ठरवून बसलेली घरं फार थोडी. बहुतेक घरांत "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणतात. पुढचा महिना येतो तेव्हा कापसाची वेचणी असते, घरात लग्न असतं, लेकराला सर्दी असते. नाहीतर अख्खं घर ऊसतोडीला गेलेलं असतं. असं करत करत लेकरू दोन वर्षांचं होतं आणि कार्डावरचे निम्मे रकाने कोरेच राहतात.

अशा घरांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. टाळणाऱ्या आईला विचारा, ती खरं कारण सांगते. मागच्या वेळी लेकरू रात्रभर रडलं, अंग तापलं, मांडीला गाठ आली. सासू म्हणाली, चांगलं हसतं-खेळतं होतं, कशाला टोचून आणलंस? दुसऱ्या दिवशी रोज बुडाला.

म्हणून आधी तापाचं बोलू.

दीड महिन्याच्या लेकराला एकाच दिवशी मांडीत दोन सुया, दंडात एक आणि तोंडातून दोन लसी मिळतात. साडेतीन महिन्यांना पुन्हा तेवढंच. त्यातल्या एका सुईत पाच रोगांची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू. ताप येतो तो मुख्यतः यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे. लस बिघडलेली होती म्हणून तो येत नाही. अंग रोगाची ओळख करून घेतं, तेव्हा तापतं. हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. ताप आलाच नाही तरी लस लागू पडतेच.

खासगी दवाखान्यात 'बिनतापाची' लस मिळते, आणि पैसे मोजले म्हणून ती जास्त चांगली, असा समज आहे. ताप तिने कमी येतो, हे खरं. पण रोगापासून राखण करायला सरकारी, फुकट मिळणारी लस जराही कमी नाही. खासगी लसीसाठी उसने पैसे काढू नका.

त्या रात्रीची तयारी मात्र आधी करा. लस संध्याकाळच्या घाईत नको, सत्र सुरू होताच सकाळी घ्या. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तापाचं औषध किती द्यायचं ते नर्सबाईंकडून लेकराच्या वजनाप्रमाणे विचारून घ्या. तेवढंच द्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. अंगावर पाजत राहा. दुपट्यात गच्च गुंडाळू नका. टोचलेल्या जागी सूज वाटली तर गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-तेल लावायचं नाही.

जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचतात ती बीसीजी. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, तो फुटतो आणि वण राहतो. हे व्हायचंच असतं. त्यावर काही लावू नका.

झटका आला, श्वास लागला, लेकरू निपचित पडलं, तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं किंवा ताप फार चढला, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. असं फार क्वचित होतं. पण झालं तर काय करायचं हे घरात दोघांना तरी ठाऊक हवं.

बापांनो, आता तुमच्याशी. लसीच्या दिवशी बाई एकटीच लेकराला घेऊन जाते, रात्री एकटीच जागते आणि सकाळी बोलणीही एकटीच खाते. त्या रात्री लेकराला तुम्ही घ्या. निम्मी घरं एवढ्यानंच पुढच्या तारखेला येतील, असं माझं मत आहे.

मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी भागातून दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याला एक दिवस फडात न जाणं म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते, वर मुकादमाचा हिशेब. कोपीत तापलेलं लेकरू घेऊन बसणं त्यांना परवडत नाही. त्यांचा अविश्वास लसीवर नसतो. अडचण खाड्याची असते.

त्यांनी एवढं करावं. उचल घेतली की त्याच आठवड्यात आशाताईंना जाण्याची तारीख सांगावी. निघायच्या आधी जेवढे डोस देता येतात तेवढे घ्यावेत. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या पेटीत ठेवावं आणि दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये काढावा. कारखान्याच्या गावातही उपकेंद्र असतं. तिथली नर्स "तुम्ही आमच्या गावचे नाही" म्हणून परत पाठवू शकत नाही. लस देशात कुठेही फुकट आहे. मुकादमांनो, टोळीतल्या चार आयांना एका सकाळी उपकेंद्रात जाऊ द्या. त्या दिवसाचा खाडा धरू नका.

तारीख चुकली म्हणून पुष्कळ आया परत जातच नाहीत. बाई रागावतील, सगळं पहिल्यापासून टोचतील, अशी भीती असते. तसं काही होत नाही. राहिला तिथून पुढचा डोस मिळतो, आधीचे वाया जात नाहीत. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वाताची सात वर्षांपर्यंत. साधी सर्दी, थोडा खोकला, किरकोळ जुलाब यांसाठी लस पुढे ढकलायची नसते. आणि नर्सताई, तुम्हीही हे वाचत असाल तर उशिरा आलेल्या आईला सगळ्यांसमोर बोलू नका. ती पुढच्या वेळी येणार नाही.

"आम्ही कुठे लसी घेतल्या होत्या? आम्हाला काय झालं?" असं घरातलं जुनं माणूस म्हणतं. त्यांना बाही वर करायला सांगा. साठी-सत्तरीच्या बहुतेकांच्या दंडावर देवी टोचल्याचा वाटोळा, खोलगट वण सापडेल. त्या टोचण्यानंच 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. तुमच्या गावात पन्नाशीचा एखादा लंगडणारा माणूस असेल, पण पोलिओनं लंगडणारं दहा वर्षांचं पोर दिसणार नाही. रोग डोळ्यांपुढे नाही म्हणून लसीचं महत्त्व वाटेनासं झालं आहे, एवढंच.

गोवर मात्र अजून गेलेला नाही. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, भिवंडीत आणि मालेगावात तो पसरला. लेकरं दगावली. लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं त्यात जास्त होती. गोवर निघाला की देवीचा फेरा म्हणून लेकराला दवाखान्यात न नेणारी घरं अजून आहेत. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, श्रद्धेला कुणी हात लावत नाही. पण त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. गोवरात न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस वेळेवर मिळाला तर पुष्कळ वाचतं. आणि नववा महिना संपला की पहिली, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दुसरी, अशा गोवर-रुबेलाच्या दोन्ही लसी द्या. एका लसीवर थांबू नका.

नोव्हेंबर 2018 पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना गोवर-रुबेलाची ही लस टोचली, तेव्हा मोबाइलवर निरोप फिरले की यानं पोरं वांझ होतात. पोलिओच्या थेंबांबद्दल तेच म्हणत. कोरोनाच्या लसीबद्दलही तेच. लस बदलते, अफवा तीच. त्या वर्षी नववी-दहावीत असलेल्या मुलींना विचारा. त्यांतल्या काही आता आया झाल्या आहेत.

पण सगळ्या शंका अफवा नसतात, हेही सांगितलं पाहिजे. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं बरी झाली, जबाबदार माणसांवर कारवाई झाली. पण अशी एक चूक शंभर गावांत भीती पेरते. म्हणून डोळे उघडे ठेवा. बाटली बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. बाटलीवर किंवा झाकणावर एक छोटा गोल असतो, गोलात चौकोन. चौकोन भोवतीच्या गोलापेक्षा फिकट असला तर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. दोन्हींचा रंग सारखा दिसला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती बाटली वापरत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एवढं बघितलेलं बरं. सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी.

नर्सबाईंनी तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या असतात. आज कोणती लस दिली, तिनं काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. गर्दीत राहून गेलं तर तुम्ही विचारा. विचारलं की बाईंना राग येतो असं काही नसतं. आलाच तर येऊ द्या.

आता तरुणांचं. कोरोनात आपल्याच घनसावंगीचे राजेश टोपे राज्याचे आरोग्यमंत्री होते. नोव्हेंबर 2021 मध्ये काही वस्त्यांत लोक लस घ्यायला कचरत होते, तेव्हा सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ, असं ते म्हणाले होते. नटानं सांगून किती फरक पडतो मला माहीत नाही. गल्लीतल्या मावशीनं "मी घेतली, दोन दिवस अंग दुखलं, मग काही नाही" असं सांगितलं की फरक पडतो, हे मात्र तुम्हीही पाहिलं असेल.

तेव्हापासून एक भीती पोरांच्या मनात बसली आहे. जिममध्ये, वरातीत नाचताना कुणी तरुण कोसळला की लगेच म्हणतात, लसीमुळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 18 ते 45 वयाच्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि 2023 मध्ये प्रसिद्ध केला. लसीनं धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या निघाल्या: घरात आधी कुणाचा असा मृत्यू, कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागणं, आदल्या एक-दोन दिवसांत अतोनात दारू, अंगाला न झेपणारी मेहनत. कोविशिल्डसारख्या लसीनं रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही खरं आहे, पण ते अतिशय दुर्मिळ. ते लपवायचं कारण नाही. तुम्ही मात्र दारू आणि जिमकडे आधी बघा.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची एकेक लस असते. मुलगा शाळेतून पळ काढतो आणि आईबापही विसरतात. पुढे तोच मुलगा जालन्यातल्या सळईच्या कारखान्यात लागतो, नाहीतर शेतात विळा-कोयता धरतो. पत्र्यानं हात कापला की मग धावाधाव होते. सोळाव्या वर्षाची लस चुकवू नका.

मुलींसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपल्याकडची लसही बनवली. हा कर्करोग फक्त शहरातल्या बायकांचा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं सव्वा लाखाहून जास्त बायकांवर तपासणीचा अभ्यास केला, तो आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायकांवर. लस 9 ते 14 वयात दिली तर सर्वांत चांगली. तिचा मूल होण्या-न होण्याशी संबंध नाही. पोरीच्या चारित्र्याशीही नाही, हे आजीला समजावून सांगा.

या लसीचं नाव 2010 मध्ये बिघडलं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा भागात चाललेला प्रकल्प थांबवावा लागला. मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असं चौकशीत दिसलं. पण खम्मममध्ये कित्येक मुलींच्या संमतीवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. यातून घ्यायचं ते एवढंच: संमतीचा कागद घरी आला तर वाचा, समजलं नाही तर शाळेत जाऊन विचारा, मग सही करा. न वाचता फाडूही नका. आणि पोरीला विचारा. तिच्या अंगावर सुई टोचायची आहे, तिला का ते कळलं पाहिजे.

लस घ्या म्हणून कुणी तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नाही. म्हणूनच निर्णय घाईत किंवा मोबाइलवरच्या निरोपावर घेऊ नका. शंका असेल तर 104 वर फोन करा, आशाताईंना घरी बोलवा, सासूबाईंसमोरच बोलू द्या.

आणि आजच कार्ड शोधून काढा. पुढची तारीख कोणती लिहिली आहे ते बघा. ती उलटून गेली असेल, तरी याच महिन्यात गावात सत्र होईल तेव्हा लेकराला घेऊन जा.