नगरपालिकेचे सभासद आणि त्यांचे उत्तरदायित्व

डिसेंबर २०२५ मध्ये जयसिंगपूर नगरपरिषदेची निवडणूक पार पडली. गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या, हारतुरे झाले. विजयी उमेदवारांचे अभिनंदन इतरांनी भरपूर केले आहे. सबब त्यांच्या शिरावर जो भार आला आहे त्याचे स्वरूप काय, हे सांगण्याचे काहीसे अप्रिय काम आम्ही पत्करतो.

२०१६ साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे गावचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे, असा ७४ व्या घटनादुरुस्तीचा दंडक आहे. तथापि आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात राज्यातील नगरपालिका अडकून पडल्या, आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. अशा काळात एक प्रश्न हटकून निघतो : सभासदांवाचून आमचे अडले काय? दिवे लागतात, कचरा उचलला जातो, मग ही मंडळी हवीत कशाला?

हा प्रश्न आम्हांस झोंबतो, पण तो टाळण्यासारखा नाही. लॉर्ड रिपनच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हाही मुख्य हेतू कारभारातील टापटीप हा नव्हता. लोकांस सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे हा होता. अधिकारी कितीही कर्तबगार असो, त्यास जाब विचारण्याचा हक्क ज्या गावास नाही ते गाव नीटनेटके असेल, परंतु स्वतंत्र नव्हे. मात्र सभासदांनीच जाब विचारणे सोडून दिले, तर त्यांच्यात आणि प्रशासकात फरक तो काय उरला?

आमच्या गावास तर या गोष्टीचे विस्मरण होताच कामा नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जनक जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसविली. सरळ आखलेले रस्ते व क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या दूरदृष्टीची साक्ष देतात. ज्या गावाची आखणी आधी समग्र झाली आणि घरे मागाहून उठली, त्या गावाचा विचार तुकड्यातुकड्यांनी करणे हा त्या आखणीचाच अपमान होय.

आणि आजच्या सभासदांची मुख्य चूक नेमकी हीच आहे. आपण आपल्या प्रभागाचे वकील आहोत, अशी त्यांची समजूत असते. प्रभागात चार दिवे लावून दिले, एखादे गटार बांधून घेतले, कोणाचा दाखला मिळवून दिला, की कर्तव्य संपले! ही कामे त्याज्य आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण गटाराचे पाणी प्रभागाची हद्द ओळखत नाही, आणि घरपट्टीचा पैसा एका गल्लीचा नसून साऱ्या गावाचा आहे. सभासद हा त्या पैशाचा विश्वस्त आहे. विश्वस्ताने एकाच वारसाचे हित पाहिले, तर कोणतेही न्यायालय त्यास दोषी धरील.

“नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला, मुख्याधिकारी शासनाने नेमलेला, मग आमच्या हाती काय?” अशी तक्रार सभासद करतात. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचे त्यांनी एकवार वाचन करावे, म्हणजे हाती काय आहे ते कळेल. अंदाजपत्रकास मंजुरी सभेची लागते. विषयपत्रिकेवरील प्रत्येक विषयावर बोलण्याचा व विरोध नोंदविण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु लाखोंच्या खर्चाचे विषय आयत्या वेळी पुढे यावेत आणि न वाचताच माना डोलवाव्यात, हा प्रकार ठिकठिकाणी दिसतो. अधिकार नाहीत म्हणून सभासद दुर्बळ नाहीत. अधिकार वापरीत नाहीत म्हणून ते दुर्बळ आहेत. पुणे नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे महात्मा फुले सभासद होते, तेही सरकारनियुक्त. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला व तो पैसा शिक्षणाकडे लावा असे सांगितले. एका मताचे मोल ते इतके!

ठराव मंजूर झाला म्हणजे काम झाले, हाही भ्रमच होय. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला व तळे होते तसेच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो अनुयायांसह त्या पाण्यापर्यंत चालत जावे लागले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला! सबब, मागील सभेच्या ठरावांचे काय झाले, हा प्रश्न पुढील प्रत्येक सभेत पहिला यावयास पाहिजे.

आणखी दोन गोष्टी स्पष्टपणे बोलणे प्राप्त आहे. निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या आहेत. पत्नी निवडून यावी आणि कारभार पतिराजांनी हाकावा, हा मतदारांशी उघड द्रोह आहे. निवडून आलेल्या भगिनींनी स्वतः सभेस बसावे, स्वतः बोलावे; चुकल्या तरी हरकत नाही, पुरुष सभासद काही कमी चुकत नाहीत. दुसरी गोष्ट स्वार्थाची. नगरपालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे, त्यास सभासदपदास कायदा अपात्र ठरवितो. स्वतः, पती-पत्नीपैकी कोणी किंवा अवलंबिताने बेकायदा बांधकाम केले, तर कलम ४४ अन्वये पद जाते. ज्याने इतरांचे अतिक्रमण काढावयाचे त्याची स्वतःची भिंत आधी सरळ हवी.

आता एक शब्द आमच्या व्यापारी वाचकांसाठी. आपण दुकानाची रोकड रोज संध्याकाळी मोजता, मुनिमाची वही आठवड्यास तपासता. मग ज्या वहीत आपलीच घरपट्टी जमा होते ती पाच वर्षांत एकदाही का पाहत नाही? निवडणुकीत मत घातले की मालकाचे काम संपत नाही. गल्लीगल्लीतील चार शहाण्यांनी एकत्र बसून आपल्या सभासदास दर तीन महिन्यांनी बोलवावे व तीनच प्रश्न विचारावेत : किती सभांस हजर होता, काय बोललात, आणि मंजूर झालेल्यापैकी किती पुरे झाले? उत्तरे लिहून ठेवावीत. पुढील निवडणुकीच्या दिवशी त्या वहीहून अधिक चांगला जाहीरनामा कोणाच्याही हाती असणार नाही.