कौशल्याचा खेळ? मग तर जास्तच सांभाळा!

‘अरे, पोकर म्हणजे जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे!’ हॉस्टेलच्या खोलीत हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. पण कोर्टाचं कोर्ट बघेल. आपण वेगळा प्रश्न विचारू : पोकरमध्ये कौशल्य आहे का?

आहे की! पण ते कुणाच्या कामी येतं?

नो-लिमिट होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, टेबलावर पाच उघडतात. त्यातले पहिले तीन म्हणजे फ्लॉप. समजा, तुमच्या हातात दोन बदाम आणि फ्लॉपवरही दोन बदाम. अजून एक बदाम आला की फ्लश! न दिसलेले पत्ते 47, त्यात बदाम 9. म्हणजे पुढचाच पत्ता बदाम निघायची शक्यता साधारण 19 टक्के.

पॉटमध्ये आहेत 1000 रुपये. समोरच्याने 250 लावले, तर 1250 जिंकायला तुम्ही 250 देणार. यात 17 टक्के शक्यताही पुरते. परवडलं! पण त्याने 1000 लावले, तर 2000साठी 1000 द्यायचे. आता 33 टक्के हवेत. पत्ते तेच, भाव बदलला. आणि हा भाव तुम्ही नाही, समोरचा ठरवतोय.

‘पण अजून दोन पत्ते यायचेत, 35 टक्के चान्स आहे ना!’ नवखा इथेच फसतो. दुसरा पत्ता बघायचा तर बहुतेक वेळा पुन्हा पैसे मोजावे लागतात.

2017मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना 1 लाख 20 हजार डावांत हरवलं. त्याला कुणाचा चेहरा वाचता येत नव्हता. होता तो फक्त हिशेब : कधी, किती लावायचे.

लॉटरीत तुमचं तिकीट आणि एखाद्या गणितज्ञाचं तिकीट सारखंच. पोकरमध्ये तसं नाही. टेबलावर नवा पैसा तयार होत नाही. कच्च्याच्या खिशातला पक्क्याच्या खिशात जातो. वर खेळवणारा प्रत्येक पॉटमधून रेक कापतो, म्हणजे सगळे मिळून कायम तोट्यातच. तेव्हा ‘कौशल्याचा खेळ’ हा नवख्यासाठी दिलासा नाही, इशारा आहे.

खेळायचंच असेल, तर दिवाळीत भावंडांसोबत शेंगदाणे लावून खेळा. गणित तेच शिकाल. आणि हरलात, तर शेंगदाणेच जातील, सेमिस्टरची फी नाही!