घरातला समुद्र

आमच्या चिरंजीवांना दिवाळीला घरात समुद्र हवा, तोही प्रवाळासकट! प्रवाळाला मी साफ नकार दिला. २००१ सालीच तो वन्यजीव कायद्याच्या यादीत वाघाच्या पंक्तीला जाऊन बसला. नुसते दगड नि मासे. शंभर लिटर पाण्यात साडेतीन किलो सागरी मीठ कालवले. (स्वयंपाकघरातले नव्हे!) पण मासे कुठे आहेत? वाचकहो, माशांनी टाकलेला अमोनिया माशांनाच मारतो. तो पचवणारे जंतू दगडांवर वसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मी चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात कुजवतो आणि आटेल तेवढे गोडे पाणी घालतो; मीठ काही आटत नाही. ‘एकच मासा सोडा की हो,’ सौ. म्हणतात. चिरंजीव रिकाम्या पेटीपुढे बसून असतात. मी बधत नाही. काल तपासणीच्या नळीत पाणी हिरवटच आले. अमोनिया अजून शिल्लक आहे.