रंगातील द्रावकाची मर्यादा निविदेतच लिहावी

लोखंडी गेट, खिडकीचे गज किंवा कूलरचा पत्रा यांना लावलेला ऑइलपेंट वाळतो, तेव्हा आधी त्यातले पेट्रोलियमपासून काढलेले द्रावक उडून जाते. मागे उरलेली राळ मग हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते. अशा रंगात वजनाने निम्म्याच्या आसपास द्रावक असू शकते. म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजते, त्यातले बरेचसे पत्र्यावर राहतच नाही.

नाचणगाव-पुलगाव परिसरात रंगकामाला जोर येतो तो कूलर बाहेर निघण्याच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत. उन्हाने रंग ब्रशला ओढू लागला, की पेंटर डब्यात आणखी टर्पेंटाइन ओततो. बंद खोलीत त्या वाफेने डोके गरगरते, डोळे चुरचुरतात. बाहेर गेलेली वाफ वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडसोबत उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार करते, आणि विदर्भात उन्हाला तोटा नाही. घरमालक चार दिवस वास सोसतो, पेंटर मात्र आयुष्यभर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1989 सालीच पेंटरचे काम कर्करोगकारक व्यवसायांत धरले. त्याला एकटे द्रावक कारण नसले, तरी इशारा स्पष्ट आहे.

भिंतींसाठी डिस्टेंपर आणि इमल्शन हे पाण्यातले रंग गावोगाव मिळतात. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभारणाऱ्या जे. सी. कुमारप्पांच्या नावाच्या जयपूरच्या संस्थेत शेणापासून तयार झालेला खादी प्राकृतिक पेंटही 2021 पासून बाजारात आहे. खरी अडचण लोखंडाची. पाण्यातला इनॅमल गंजलेल्या किंवा तेलकट पत्र्यावर टिकत नाही, पावसाळी दमट हवेत उशिरा वाळतो. तेथे पत्रा नीट घासून गंजरोधक प्रायमर द्यावा आणि वर घन भाग जास्त असलेला रंग वापरावा. त्याचा एकच हात जाड बसतो.

युरोपीय संघाने 2010 पासून लाकूड-लोखंडावरच्या द्रावकातल्या रंगांत लिटरमागे 300 ग्रॅम, तर पाण्यातल्या रंगांत 130 ग्रॅम अशी उडून जाणाऱ्या द्रावकाची कमाल मर्यादा घातली. भारतातही घरगुती रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमची मर्यादा आली. द्रावकालाही तशीच सक्तीची मर्यादा हवी. तोवर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेने शाळा, अंगणवाडी व दवाखान्यांच्या रंगकामाच्या निविदेत लिटरमागे द्रावकाचे ग्रॅम नमूद करण्याची अट घालावी आणि शाळांचे काम सुट्टी लागताच उरकावे.

– एक वाचक, नाचणगाव (जि. वर्धा)