बंधुता रक्ताची की विचारांची?



अहमदपूरच्या कुठल्याही कॉलेजातल्या पोरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकदा बघा. जातीचा एक ग्रुप, पोटजातीचा एक, नेत्याच्या नावाचा एक. भीमजयंती जवळ आली की पावतीपुस्तक वेगळं, मिरवणूक वेगळी, डीजे वेगळा. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "आपली पोरं एकत्र पाहिजेत ना!" पाहिजेतच. पण 'आपली' म्हणजे कोण? हा प्रश्न आपण टाळतो, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी एक लांबचं उदाहरण. अमेरिकेतल्या कॉलेजांत 'फ्रॅटर्निटी' नावाची विद्यार्थ्यांची बंधुमंडळं असतात. एका घरात राहायचं, एकमेकांना अभ्यासात आणि पुढे नोकरीत हात द्यायचा. जुनी मंडळं गोऱ्या, प्रोटेस्टंट, खानदानी पोरांची. बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांना तिथे सहसा प्रवेश नसे. इटलीतून आलेल्या लोकांना तेव्हा पुरतं 'गोरं'ही मानलं जात नव्हतं. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारलं होतं. अशा काळात ५ नोव्हेंबर १९१४ रोजी सिराक्यूज विद्यापीठातल्या इटालियन मुलांनी स्वतःचं मंडळ काढलं, 'अल्फा फाय डेल्टा'. त्या वेळी त्याच न्यूयॉर्क राज्यात, कोलंबिया विद्यापीठात, तेवीस वर्षांचे बाबासाहेब शिकत होते. त्याच्याही आठ वर्षं आधी, १९०६ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' उभारलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग पुढे त्याच मंडळाचे सदस्य झाले.

या मुलांचं चुकलं का? अजिबात नाही. ज्याला दारात उभं केलं जात नाही, त्याने स्वतःचं घर बांधणं हा जातीयवाद नसतो. "तुम्ही वेगळी संघटना कशाला काढता?" असं आपल्याला ऐकवणाऱ्यांनी आधी आपलं दार कोणासाठी बंद होतं ते सांगावं.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोन-तीन पिढ्यांत इटालियन अमेरिकन गोऱ्या समाजात मिसळून गेले. त्यांच्या मंडळाचं दारही पुढे इतरांसाठी उघडलं. मग इटालियनपणाचं उरलं काय? सण, जेवण, आजोबांच्या आठवणी. कृष्णवर्णीयांच्या वाट्याची रंगरेषा मात्र तशीच राहिली. एकाचा वारसा कौतुकाचा विषय झाला, दुसऱ्याचा लढा चालूच राहिला. आपण यातले कोण? जात आपोआप विरघळत नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. तरीही आपण वागतो असे, की जणू लढाई जिंकून झाली आणि आता फक्त मिरवणूक उरली आहे!

आता बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. 'फ्रॅटर्निटी' हा शब्द त्यांनीही घेतला, पण त्याचा अर्थ पार बदलून टाकला. घटना परिषदेच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात ती उद्देशिकेत घातली. आणि ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं त्यांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केलं. अमेरिकेतली बंधुता ठरावीक पोरांपुरती, त्यातही मुली बाहेर. बाबासाहेबांची बंधुता म्हणजे मैत्री. तिला कुंपण नाही.

हे फक्त कागदावर राहिलं नाही. १९५० साली औरंगाबादला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे कॉलेज सुरू केलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षण म्हणजे दुर्मीळ गोष्ट. नागसेनवनात खेड्यापाड्यांतली पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन आली आणि वसतिगृहात एकमेकांच्या आधाराने शिकली. पण ते एका जातीचं बोर्डिंग नव्हतं. सगळ्या जातींना तिथे प्रवेश होता. प्राचार्य म. भि. चिटणीस सवर्ण घरातले, पण 'युगयात्रा' हे नाटक त्यांनी लिहिलं आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते केलं. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. त्याच आवारातून 'अस्मिता' निघालं, ते पुढे गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' झालं. दलित साहित्याची एक मोठी पिढी या बंधुतेतून घडली.

आणि नाव कोणाचं दिलं? आपल्या कुळातल्या कोणा पूर्वजाचं नाही. मिलिंद हा यवन, म्हणजे ग्रीक राजा. त्याने भिक्खू नागसेनाला अवघड प्रश्न विचारले आणि उत्तर पटल्यावर प्रामाणिकपणे मान्य केलं. वारशापेक्षा वादविवाद मोठा, हे त्या नावातच लिहिलेलं आहे.

नामांतराच्या लढ्यात या बंधुतेची परीक्षा झाली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. ते मातंग समाजाचे होते. १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. सवर्ण घरांतले समाजवादी कार्यकर्तेही सत्याग्रहात तुरुंगात गेले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पोचीरामांनी जीव देताना पोटजात मोजली नाही. आपण ग्रुपमध्ये घेताना मोजतो!

१ ऑगस्ट २०२४ ला उपवर्गीकरणाचा निकाल आल्यापासून तर आपल्याच पोरांनी एकमेकांना शिव्या घालण्याचा सपाटा लावला आहे. त्या निकालाबद्दल मतभेद असतील, असू द्या. पण ते मिलिंद आणि नागसेनासारखे समोरासमोर बसून मांडा. बौद्ध, मातंग, चर्मकार, भटका, आदिवासी, मुसलमान, ज्याला समता मान्य आहे तो कोणीही, एका सतरंजीवर. स्टेटस टाकून बंधुता होत नाही.

म्हणून या वर्षी एवढं करा. डीजेच्या वर्गणीतून एक खोली भाड्याने घ्या. तिथे पुस्तकं ठेवा. खेड्यातून पहिल्यांदा अहमदपूरला आलेल्या पोराला आणि पोरीला शिष्यवृत्तीचा, स्वाधारचा अर्ज भरून द्या. दाखले काढायला तहसीलमध्ये सोबत जा. आठवड्यातून एकदा एखादा विषय घेऊन भांडा, अगदी कडाक्याने. आणि दारावर पाटी लावा : इथे आडनाव विचारलं जात नाही.

इटालियन पोरांना रक्ताच्या नात्यावर भागवता आलं, कारण पुढे त्यांना समाजाने आपलं म्हटलं. आपल्याला ती सोय नाही. आपलं नातं विचारांचंच असलं पाहिजे, नाहीतर ते टिकणार नाही.

जयभीम!