डूम, मामा आणि पत्त्यांचा गठ्ठा

मंडळी, शीर्षक वाचून तीनपत्तीची अपेक्षा केली असेल तर आधीच माफी मागतो. हे पत्ते वेगळे आहेत. त्यांच्याकडे येतोच, पण आधी ऊन.

गेल्या एप्रिलमध्ये सोलापूरला मामांकडे गेलो होतो. मामांची चादरीची शेड अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. शुक्रवारी रात्री पुण्यातून निघायचं आणि शनिवारी दुपारी शेडबाहेर लिंबाखाली बाज टाकून लोळायचं, हा माझा जुना कार्यक्रम. या वेळी बॅगेत एक सेकंडहँड गेम बॉय ॲडव्हान्स होता आणि त्यात डूम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डूम हा 10 डिसेंबर 1993 ला आलेला बंदूकवाला गेम. पडद्यावर फक्त आपले हात आणि बंदूक दिसते, समोरून राक्षस येतात. आमच्या पिढीनं कॉलेजच्या लॅबमध्ये सबमिशनच्या नावाखाली जे काही केलं त्यातला मोठा वाटा याचा आहे :) गेम बॉय ॲडव्हान्स हे निन्टेंडोचं 2001 सालचं हातात मावणारं यंत्र. दोन पेन्सिल सेलवर चालतं. त्या पहिल्या मॉडेलला पडद्यामागे दिवाच नाही. खोलीत बसून बघाल तर काहीच दिसत नाही. त्यात डूम म्हणजे सगळा अंधारातला खेळ. तो नीट दिसायला बाहेरून दणकून प्रकाश लागतो.

तो सोलापुरात एप्रिलमध्ये फुकट मिळतो. बाज सावलीतून ओढून उन्हात घेतली आणि डोक्यावर पंचा टाकला. पहिल्या लेव्हलचा हिरवट दरवाजा असा काही स्वच्छ दिसायला लागला की बस्स! आवाज मात्र ऐकू येईना, कारण पाठीमागे मागांची खटखट. त्या खटखटीपुढे डूमची शॉटगन म्हणजे टाचणी पडल्यासारखी.

मामा बाहेर आले. "काय करायलास रे उन्हात? डोकं फिरलंय का?"

"मामा, गेम खेळतोय. आत दिसत नाही."

"मग दिसणारा घ्यायचा की!"

मुद्दा बिनतोड होता. खिशातल्या फोनवर हाच गेम लखलखीत दिसला असता. तरी हे डबडं कशासाठी, याचं मी मनाशी ठरवलेलं उत्तर होतं ते असं. डूमला पीसीवर किमान 386 प्रोसेसर आणि 4 एमबी मेमरी लागायची. या यंत्रात प्रोसेसर 16.78 मेगाहर्ट्‌झचा, मेमरी 256 केबी, आणि आत 32 केबीचा एक जलद कोपरा. म्हणजे गेमनं मागितलेल्या मेमरीच्या दहाव्या भागाहून कमी. तरीही तो चालतो, आणि का चालतो हे समजून घेण्यात मला खेळण्याइतकीच मजा येते.

एक कारण सोपं आहे. 1993 मध्ये बहुतेक 386 मशीनांत अपूर्णांकाची गणितं करणारा वेगळा भाग नसायचा. म्हणून जॉन कारमॅकनं सगळं गणित पूर्णांकांवर बसवलं. गेम बॉयच्या प्रोसेसरमध्येही तो भाग नाही, त्यामुळे ते गणित इथं जसंच्या तसं उपयोगी पडतं. दुसरं म्हणजे डूममध्ये वर-खाली नेम धरावाच लागत नाही. समोर तोंड केलं की गोळी आपली आपण वरच्या राक्षसाला लागते. त्यामुळे माऊस नसला तरी चार बाण आणि चार-पाच बटणांत काम भागतं.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. गेम बॉयचा प्रोसेसर कार्ट्रिजमधली माहिती थेट वाचू शकतो, आधी मेमरीत उतरवून घ्यावी लागत नाही. भिंतींचे रंग, राक्षसांची चित्रं, नकाशे हे सगळं कार्ट्रिजमध्येच राहतं. लागेल तेवढं वाचायचं, वापरायचं, विसरायचं. मेमरीत फक्त बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे कोण कुठे उभा आहे आणि कोण मेला.

हे मी मामांना सांगितलं. (मामा अकरावी शिकलेत आणि मागावर पस्तीस वर्षं काढलीत.) ते म्हणाले, "म्हणजे आपल्या जेकार्डसारखं."

आणि मी गप्प झालो. कारण खरंच तसंच आहे.

जेकार्ड बघितलं नसेल तर थोडक्यात सांगतो. मागाच्या वर एक यंत्र बसवलेलं असतं आणि शेजारी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांची दोऱ्यानं ओवलेली लांबच लांब माळ लोंबत असते. हेच ते पत्ते. पत्ता समोर आला की जिथं भोक आहे तिथली सुई आत जाते आणि तिचा हुक उचलला जातो. भोक नसेल तिथला हुक खाली राहतो. उचललेल्या हुकांबरोबर ताण्याचे धागे वर जातात, मधून धोटा पळतो, बाण्याचा एक धागा पडतो आणि पुढचा पत्ता येतो. मागाला स्वतःची मेमरी शून्य. मोर काढतोय की कमळ, हे त्याला ठाऊक नसतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जेकार्डनं हे यंत्र 1804 च्या सुमारास आणलं. मी लहानपणापासून मामांच्या शेडमध्ये याच्याखाली खेळलोय. बिट म्हणजे काय ते कॉलेजात शिकताना मला हे कधी आठवलं नाही, याची आता लाज वाटते. असो.

"मामा, जुने पत्ते आहेत का हो?"

मामा म्हणाले, "कुठले आता? इलेक्ट्रॉनिक मशीन घेतलं तेव्हा सगळे रद्दीत घातले. पुठ्ठाच की तो! तुझ्या आजोबांनी काढलेल्या मोराचा एक गठ्ठा आहे तेवढा, माळ्यावर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे दुसऱ्या गावचा माल सोलापुरी म्हणून विकता येत नाही. ते चांगलंच आहे. पण ते नावाचं संरक्षण झालं. पत्त्यांचं काय? एकेका शेडमध्ये चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी ग्राफ कागदावर चौकोन चौकोन रंगवून काढलेली डिझाइनं असतात. नवं मशीन आलं की तो सगळा पुठ्ठा किलोच्या भावानं जातो. त्यात कुणाचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही. जागा लागते, आणि उंदीरही लागतात.

आता डूमकडे बघा. वुल्फेन्स्टाइन या आधीच्या गेममध्ये लोकांनी खटपट करून नकाशे बदलले होते. ते बघून डूममध्ये इंजिन एकीकडे आणि नकाशे-चित्रं-आवाज दुसरीकडे, 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. म्हणजे माग वेगळा, पत्ते वेगळे. 1994 मध्ये मॅट फेल नावाच्या एका चाहत्यानं या फाइलची रचना उलगडून 'अनऑफिशियल डूम स्पेक्स' लिहून काढले. पुढे 23 डिसेंबर 1997 ला इंजिनचा सोर्स कोडच खुला झाला आणि 1999 मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. त्यातून प्रबूम निघालं, प्रबूमवरून एका हौशी प्रोग्रामरनं माझ्या हातातली गेम बॉयची आवृत्ती बनवली, आणि तिच्यावरून 2021 मध्ये दुसऱ्या एकानं आयकियाच्या स्मार्ट दिव्यातल्या चिपवर डूम चालवला. त्या चिपची मेमरी 108 केबी!

या यंत्रासाठी 2001 मध्ये कंपनीची अधिकृत आवृत्तीही आली होती. तिच्यात रक्त हिरवं होतं आणि सायबरडीमन गायब. हौशी मंडळींनी नंतर केलेलं काम मूळ गेमच्या जास्त जवळ जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादी गोष्ट टिकते ती ग्रेट असते म्हणून नव्हे. ग्रेट गेम ढिगानं आले आणि त्यांच्या मशीनांबरोबर गेले. डूम टिकला, कारण तो कसा वाचायचा हे कुणीतरी वेळेत लिहून ठेवलं आणि दुसऱ्यांना बघू दिलं.

मामांना हे पटलं नाही. "फुकट वाटायचं व्हय? इथं नवीन डिझाइन मार्केटला गेलं की आठ दिवसांत शेजारच्या शेडमध्ये निघतंय!" त्यांची चिडचिड खरी आहे, कॉपीचा मार त्यांनी खाल्लाय. पण डूमवाल्यांनीही सगळं वाटलं नव्हतं. इंजिन खुलं केलं ते चार वर्षांनी, त्यांचाच क्वेक 1996 मध्ये बाजारात येऊन गेल्यावर. पहिला भाग फुकट वाटला, पण पूर्ण वॅड आजही विकत घ्यावी लागते. जपणं आणि वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मोराची चादर आता कुणी विणत नाही, त्याचा फोटो काढून ठेवल्यानं कुणाचा धंदा बुडणार आहे?

तर रविवारी सकाळी मी माळ्यावर चढलो. आजोबांचा गठ्ठा उतरवला, झटकला आणि शेडमागच्या पांढऱ्या भिंतीसमोर एकेका पत्त्याचा फोनवर फोटो काढत सुटलो. (पुन्हा उन्हात. भोकं स्वच्छ दिसतात.) भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य, एक पत्ता म्हणजे चित्राची एक ओळ. छोटीशी स्क्रिप्ट लिहिली, मनात मोठी फुशारकी. दुपारी लॅपटॉपवर चित्र उमटलं.

मोर नव्हताच! कंगव्याच्या दातांसारख्या नुसत्या रेघा.

मामा चष्मा लावून वाकले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "दोन रंगांची चादर आहे. एक पत्ता ह्या रंगाचा, एक त्या रंगाचा. वेगवेगळं कर की." सम-विषम ओळी वेगळ्या केल्या. मोर आला, पण अर्धाच. चोचीपासून पाठीपर्यंत, पुढे काही नाही.

"उरलेला पत्ते हरवले काय मामा?"

"हरवले नाहीत. अर्धाच पत्त्यात असतोय. हुकांपासून खाली दोऱ्या कशा बांधल्यात त्यावर दुसरा अर्धा येतोय, आरशातल्यासारखा. आमच्या मागाची बांधणी तशी होती."

"ती बांधणी कुठे लिहून ठेवलीय?"

मामांनी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं.

तो माग केव्हाच भंगारात गेलाय. म्हणजे आमच्याकडे वॅड फाइल आहे, इंजिन मोडीत निघालंय आणि स्पेक्स एका साठीच्या माणसाच्या डोक्यात आहेत. त्या माणसाला बीपी आहे आणि तो गोळ्या विसरतो.

मी ऑफिसात रोज जे लिहितो त्याची अवस्था फार वेगळी आहे असं समजू नका. तीन वर्षांपूर्वीचा माझाच एक प्रोजेक्ट परवा सुरू करायला गेलो तर होईना. एक लायब्ररी नाहीशी झालेली, आणि कॉन्फिगरेशन ज्याला माहीत होतं तो नोकरी सोडून गेलेला. डॉक्युमेंटेशनला आपण सगळेच 'नंतर बघू' म्हणतो. मामांनी निदान 'नंतर बघू' असंही कधी म्हटलेलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडचं कुणी मागावरचं असेल, त्यांनी पुढच्या सुट्टीत एवढंच करा. पत्ते, ग्राफ, जे काही माळ्यावर असेल त्याचे फोटो काढा. आणि फोटोवर थांबू नका. तो पत्ता कसा वाचायचा हे ज्याला येतं त्याच्याशेजारी बसा आणि तो सांगेल ते वहीत लिहून घ्या. धूळ खात पडलेला पुठ्ठा तरी अजून दोन वर्षं थांबेल.

रविवारी संध्याकाळची गाडी मी सोडली, सोमवारची रजा टाकली. मामा दोऱ्यांची बांधणी सांगत होते, मी चौकटीच्या वहीत आकृत्या काढत होतो. मधेच त्यांनी तो गेम बॉय मागून घेतला. कुठलं बटण कशाचं ते एकदाच विचारलं आणि अंगणात जाऊन बसले. दहा मिनिटांनी आतून मामींचा आवाज आला, "आता तुम्ही का हो उन्हात?"

मामा मान वर न करता म्हणाले, "आत दिसत नाही!"

वहीची पंधरा पानं झालीत. पुढच्या महिन्यात परत जायचंय.