लक्ष्यांक गाठला, उद्देश गाठला का?

मार्चअखेर जवळ आली की कृषी विस्ताराच्या प्रत्येक कार्यालयात एकच लगबग सुरू होते. प्रशिक्षणे किती झाली, प्रात्यक्षिकांखाली किती हेक्टर आले, मेळाव्यास उपस्थिती किती होती, छायाचित्रे जोडली की नाही, याचे तक्ते तयार होतात. बहुतेक रकान्यांत ‘साध्य’ हे लक्ष्यांकाइतके किंवा त्याहून किंचित अधिक असते. तक्ता समाधानकारक दिसतो. मात्र ज्या शेतकऱ्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या हाती हंगामअखेर काय उरले, हे सांगणारा रकाना त्यात क्वचितच आढळतो.

हा दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा नाही. मोठ्या संस्था आपला उद्देश, उद्दिष्टे आणि कार्यनीती कशा ठरवतात, याच्याशी त्याचा संबंध आहे. हे तीन शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांची कामे वेगळी आहेत. उद्देश सांगतो, संस्था कोणासाठी आणि कशासाठी आहे. उद्दिष्ट सांगते, किती आणि केव्हापर्यंत. कार्यनीती सांगते, कोणत्या मार्गाने आणि काय बाजूला ठेवून. लक्ष्यांक हा उद्दिष्टाचा वर्षापुरता तुकडा. हा क्रम उलटला, म्हणजे लक्ष्यांकच उद्देशाच्या जागी जाऊन बसला, की संस्था चालत राहते. परंतु कोठे पोहोचायचे आहे, हे विसरते.

क्रम नीट राखला तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांपुढे अडचण होती ती विक्रीची. मुंबईला जाणाऱ्या दुधाची खरेदी एका खासगी दुग्धालयाच्या मुठीत होती आणि भावही तेच ठरवीत असे. सरदार वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आपला संघ स्थापन केला. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली, तेव्हा रोजचे संकलन जेमतेम २५० लिटर होते. आकडा नगण्य होता, पण उद्देश स्पष्ट होता : दुधाची खरेदी, प्रक्रिया व विक्री उत्पादकाच्याच ताब्यात असावी आणि ग्राहकाच्या रुपयातील मोठा वाटा त्याला मिळावा.

पुढचे निर्णय या उद्देशातूनच निघाले. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढे आणि मुंबईच्या योजनेला ते सगळे घेता येत नसे. संघापुढे दोन वाटा होत्या : सभासदाचे जादा दूध परत पाठवणे, किंवा ते टिकवण्याचा मार्ग शोधणे. केवळ ‘मुंबईला अमुक लिटर पुरवठा’ हाच लक्ष्यांक असता, तर दूध परत पाठवण्यात काही गैर नव्हते. सभासदाचे दूध वर्षभर घ्यायचेच, असे ठरल्यामुळे भुकटीचा कारखाना अपरिहार्य झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना १९५५ मध्ये आणंदला तो उभा राहिला. पशुवैद्यकीय सेवा, कृत्रिम रेतन, पशुखाद्य ही कामेही याच ओघात आली.

ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी तेथे आले आणि एक रात्र खेड्यात राहिले. वेगळे काय आहे, याचा त्यांनी शोध घेतला. जमीन, पाऊस, जनावरे यांत फारसे असामान्य काही नव्हते. संस्था उत्पादकांच्या मालकीची होती, हा खरा फरक होता. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि डॉ. व्हर्गीस कुरियन त्याचे अध्यक्ष झाले. १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. युरोपातून देणगीदाखल आलेली दूधभुकटी व बटर ऑइल स्वस्तात वाटून टाकले असते, तर देशी दुधाचे भाव कोसळले असते. म्हणून त्यापासून केलेले दूध महानगरांत विकून आलेला पैसा ग्रामीण दुग्धव्यवस्था उभारण्यात गुंतवला गेला. देणगी तीच, पण उद्देश ठाऊक असल्याने तिचा उपयोग निराळा झाला. १९९६ मध्ये हा कार्यक्रम संपला. १९९८ पर्यंत भारत दूध उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता.

याच काळात विस्तार क्षेत्रात दुसरा मोठा प्रयोग चालू होता. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धती राज्याराज्यांत आली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी पंधरवड्याची भेट, निवडक संपर्क शेतकरी, विषयतज्ज्ञांकडून नियमित प्रशिक्षण, अशी तिची रचना होती. तिने विखुरलेल्या यंत्रणेला शिस्त दिली आणि बागायती भागांत गहू-भाताचे सुधारित तंत्र लवकर पोहोचवले, हे मान्य केले पाहिजे. परंतु भेट हे साधन होते. हळूहळू भेटीची नोंद हेच साध्य झाले. संदेश वरून येई. कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न त्यात बसत नसेल, तरी भेट ‘पूर्ण’ होई. बाहेरचा निधी आटल्यावर ही पद्धती राज्यांना पेलवली नाही. कार्यनीतीलाच उद्देश मानल्याची ही किंमत होती.

आज हा प्रश्न पुन्हा आपल्या दारात उभा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने १०,००० शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आकडा गाठला गेला. मैदानी भागात किमान ३०० सभासद, व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत प्रत्येकी कमाल १८ लाख रुपये, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एका संस्थेस कमाल १५ लाख रुपये समभाग अनुदान, अशी तिची चौकट आहे. नोंदणीचा लक्ष्यांक पूर्ण झाला, हे यंत्रणेचे यश आहेच. पण नोंदणी म्हणजे केवळ नामकरण. अर्थसाहाय्याची वर्षे सरल्यावर यांपैकी किती संस्था स्वतःच्या उलाढालीवर व्यवस्थापकाचा पगार देऊ शकतील? किती सभासद आपला माल व्यापाऱ्याऐवजी संस्थेकडे आणतील? शेतकऱ्याने भागभांडवल म्हणून दिलेला पैसा त्याच्या घामाचा आहे. संस्था बुडाली तर पैशाबरोबर त्याचा विश्वासही बुडतो, आणि पुढच्या वेळी ‘एकत्र या’ असे सांगायला गेलेल्या विस्तार कार्यकर्त्याला बसायला घोंगडीही मिळत नाही.

लक्ष्यांक नकोतच, असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब आकड्यांतच द्यावा लागतो. आणंदचा साचा जशाच्या तसा सर्वत्र बसेल, असेही नाही. दूध रोज निघते, रोज विकले जाते आणि पैसाही वारंवार हाती येतो. तूर किंवा हळद वर्षातून एकदाच येते. अनुकरण त्या रचनेचे करायचे नसून विचारक्रमाचे करायचे आहे.

एका हळद उत्पादक कंपनीची कल्पना करू. ‘सभासदांचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य भिंतीवर शोभते, निर्णयास उपयोगी पडत नाही. त्याऐवजी ‘सभासदाच्या हळदीला प्रतवारीनुसार दर मिळावा’, असा उद्देश लिहावा. मग उद्दिष्ट येईल : तीन वर्षांत सभासदांची निम्मी हळद कंपनीमार्फत विकली जावी आणि मोबदला पंधरा दिवसांत खात्यावर जमा व्हावा. त्यानंतर कार्यनीती : आधी सफाई, प्रतवारी आणि साठवण; खत-बियाण्यांचे दुकान व निर्यात यांचा विचार नंतर. काय करायचे नाही, हे ज्या कागदावर लिहिलेले नाही, त्याला कार्यनीती म्हणता येत नाही. ती केवळ इच्छांची यादी असते.

कृषी विज्ञान केंद्रांनाही हीच कसोटी लावता येईल. १९७४ साली पुदुच्चेरीत पहिले केंद्र सुरू झाले. आज देशात सातशेहून अधिक केंद्रे आहेत. तंत्रज्ञानाचे मूल्यमापन, त्याची प्रात्यक्षिके आणि क्षमताविकास हे त्यांचे विहित कार्य. यातील ‘मूल्यमापन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रक्षेत्र चाचणीत एखादे वाण किंवा पद्धत शेतकऱ्याच्या रानात उतरली नाही, तर ते अपयश नसून केंद्राने दिलेले मोलाचे उत्तर आहे. ते संशोधन संस्थेपर्यंत परत गेले पाहिजे. जेथे केवळ यशोगाथांचीच मागणी असते, तेथे असे उत्तर तक्त्यातून गळून पडते आणि तीच चूक शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा होते.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. विस्तार यंत्रणेने वार्षिक अहवालात प्रत्येक प्रात्यक्षिकापुढे एकच नवा रकाना जोडावा : दोन हंगामांनंतर, अनुदान नसताना, किती शेतकऱ्यांनी हे तंत्र चालू ठेवले? सोडले असल्यास का? हे उत्तर मिळवण्यासाठी दोन मेळावे कमी घ्यावे लागले, तरी चालेल. दुसरी सूचना प्रगतिशील शेतकऱ्यांना, विशेषतः उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना. येत्या सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचण्यापूर्वी एक प्रश्न सभासदांपुढे ठेवा : उद्या ही कंपनी बंद झाली, तर तुमचे नेमके काय नुकसान होईल?

सभेत उत्तरे उमटली, तर आपला उद्देश जिवंत आहे असे समजावे. शांतता पसरली, तर पुढचा लक्ष्यांक ठरवण्याची घाई करू नये. आधी उद्देश लिहायला बसावे.